पावसाने भाजी जळते का? आम्ल पाऊस आणि आपले वाफे

जांभा

जुलै उजाडला की माझ्याकडे फोटो यायला लागतात. दोडक्याच्या पानावर ठिपके, माठाच्या कडा करपलेल्या, मुळ्याचा पाला पांढुरका पडलेला. खाली प्रश्न ठरलेला: "ॲसिडचा पाऊस पडला का हो?" रायगडात माती परीक्षणाचं काम करतो, आसपास औद्योगिक वसाहती आहेत, त्यामुळे ही शंका येणं अगदी साहजिक आहे. पण या शंकेपायी लोक दोन टोकांना जातात. कुणी "आता काय, पाऊसच विषारी" म्हणून वेल उपटून टाकतं, तर कुणी दुकानदार सांगेल ती बाटली आणून फवारतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी आकड्यांचं. पावसाचं स्वच्छ पाणीसुद्धा थोडं आम्लच असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळतो आणि सामू (पीएच, म्हणजे आम्लता मोजायचा आकडा: ७ मधला, त्याखाली आम्ल) साधारण ५.६ वर येतो. धुराड्यांतून आणि गाड्यांतून निघणारे सल्फर डायऑक्साइड व नायट्रोजनचे ऑक्साइड ढगात मिसळून त्यांचं सल्फ्युरिक आणि नायट्रिक आम्ल झालं की सामू त्याखाली जातो. एका अंकाचा फरक म्हणजे दहापट आम्लता, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. ४.६ सामूचा पाऊस ५.६ च्या पावसापेक्षा दहापट आम्ल असतो.

आता भाजीचं. यावर मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेला प्रयोग १९८१ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेत कुंड्यांमधून २८ पिकं वाढवली, त्यांच्यावर सल्फ्युरिक आम्लाचा कृत्रिम पाऊस पाडला. सामू ३, ३.५ आणि ४, आणि तुलनेला ५.६. निकाल सरळ नव्हता, आणि म्हणूनच तो वाचण्यासारखा आहे. मुळा, बीट, गाजर, मोहरीचा पाला आणि ब्रोकोली यांचं उत्पन्न घटलं. टोमॅटो, ढोबळी मिरची आणि स्ट्रॉबेरी यांचं चक्क वाढलं! पंधरा पिकांच्या उत्पन्नात धरण्यासारखा फरकच पडला नाही.

पानांवरचे डाग ही तर आणखी वेगळी गोष्ट. ३५ वाण तपासले, त्यांतल्या ३१ वाणांची पानं सामू ३ ला भाजली, सामू ३.५ ला २८ वाणांची, आणि सामू ४ ला फक्त ५ वाणांची. म्हणजे ४ च्या वर आलो की पानाला दिसेल अशी इजा बहुतेक भाज्यांना होत नाही. शिवाय पान डागाळलं म्हणून उत्पन्न घटलंच, असंही दिसलं नाही. मात्र पालक, मोहरी, स्विस चार्ड यांचं पानच बाजारात जातं. तिथे वजन भरूनही जुडी विकली जाणार नाही इतके डाग पडले.

आपल्याकडच्या पावसाचा सामू ३ पर्यंत खाली उतरत नाही. ३ म्हणजे ५.६ च्या जवळजवळ चारशे पट आम्ल. भारतात हवेत मातीची धूळ भरपूर, त्या धुळीत कॅल्शियम, आणि ते आम्ल मारतं. त्यामुळे आपला पाऊस पूर्वापार ६ ते ७ च्या आसपास राहिला. पण निश्चिंत व्हावं असंही नाही. हवामान खात्याची पावसाचं रसायन मोजणारी केंद्रं पुणे आणि नागपूरलाही आहेत, आणि देशातल्या अशा बऱ्याच केंद्रांवर सामू गेल्या काही दशकांत हळूहळू उतरत आलाय.

मग पानं कशाने जळतात, आणि माती आम्ल कशाने होते? त्यावर खाली बोलूच. आधी तुमच्याकडे काय दिसतंय ते लिहा.

पडवळ

जांभादादा, माझाच फोटो असणार त्यात! मी अलिबागच्या बाजूला राहते. अंगणात मांडवावर दोडका आणि काकडी, खाली लाल माठ आणि मुळा. यंदा लागोपाठ झड लागली आणि दोडक्याची पानं पिवळ्या चौकड्यांनी भरली. शेजारच्या काकी म्हणतात, कारखान्याच्या धुराचा पाऊस आहे. माठाला मात्र काही झालेलं नाही.

जांभा

ताई, तुम्ही "चौकड्या" लिहिलंत त्यातच अर्धं उत्तर आहे. उद्या सकाळी दव असताना, ऊन यायच्या आत, ते पान उलटं करा. पिवळा डाग शिरांच्या मध्ये कोंडल्यासारखा कोनाकोनाचा असेल आणि त्याच्या बरोब्बर खाली राखाडी-जांभळट लव दिसली, तर तो केवडा. बुरशी आहे, पावसाळ्यात वेलवर्गीय भाज्यांचा नेहमीचा पाहुणा. हातात भिंग असेल तर लवेचे दांडे वेगवेगळे दिसतात.

आम्ल पावसाचा डाग असा नसतो. थेंब जिथे बसून राहतो तिथे, पानाच्या वरच्या बाजूला, छोटा, सुकलेला, पिवळट-तपकिरी ठिपका. लव नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे तो पसरत नाही. आज जेवढा आहे तेवढाच आठवड्याने. रोग मात्र पानावरून पानावर चढत जातो. शिवाय पाऊस कुणाची जात बघत नाही: दोडका जळाला तर शेजारचा मुळा, माठ, बांधावरचं तण, सगळ्यांवर काही ना काही दिसायला हवं. नाजूक पानाचा माठ हिरवागार आणि खरखरीत पानाचा दोडका तेवढा आजारी, तर पाऊस निर्दोष.

गोदाकाठ

निफाड भागात आमचा टोमॅटो, कांदा आणि थोडी फुलकोबी असते. काळी माती. सामू ८ च्या वरच येतो दरवेळी. आमच्या मातीला आम्ल पावसाने काय होणार? उलट झाला तर फायदाच.

जांभा

बरोबर. काळ्या जमिनीत चुनखडीचे खडे दिसतात ना, तेच तुमचं कवच. पावसातून येईल तेवढं आम्ल ते पिढ्यान् पिढ्या गिळू शकतात. तुमचं दुखणं उलटं आहे, लोह आणि जस्त मिळत नाही म्हणून पानं पिवळी पडतात.

आणि एक. युरोपात १९८० नंतर कारखान्यांवर बंधनं आली, हवेतला गंधक कमी झाला आणि इंग्लंड-जर्मनीत मोहरीवर्गीय पिकांना गंधकाची कमतरता भासू लागली. म्हणजे तोवर धूरच फुकटात गंधक पुरवत होता. कांद्याला गंधक किती लागतो ते तुम्हाला सांगायला नको. तुम्ही गोणीने घालता. अमेरिकेतल्या प्रयोगात टोमॅटो वाढला त्याचं नवल म्हणूनच वाटून घेऊ नका.

सावरी

जांभा, तुमचा सूर थोडा खटकला. आम्ही वसाहतीच्या वाऱ्याच्या दिशेला राहतो. रात्री डोळे चुरचुरतात, सकाळी पालकाची पानं शिरांच्या मध्ये हस्तिदंतासारखी पांढरी झालेली असतात. हे दोनदा झालंय. तुम्ही म्हणताय पाऊस निर्दोष. मग आम्ही तक्रार करायला गेलो की "तज्ज्ञसुद्धा म्हणतात आम्ल पाऊस नाही" हेच ऐकायचं का?

जांभा

सावरी, नाही. तुमच्याकडे जे झालं ते खरं आहे आणि गंभीर आहे. फक्त ते पावसाने झालेलं नाही, म्हणून ते "आम्ल पाऊस" नावाने मांडलंत तर पहिल्याच फेरीत उडवून लावतील.

तुम्ही वर्णन केलंय ती सल्फर डायऑक्साइड वायूची थेट इजा वाटते. वायू पानाच्या रंध्रांतून आत शिरतो, आत ओलावा असतोच, तिथे आम्ल तयार होतं आणि शिरांमधला भाग आतून मरतो. शिरा हिरव्या राहतात, मधला भाग पांढरा किंवा फिकट तपकिरी होतो, आणि तो पानाच्या दोन्ही बाजूंनी दिसतो. अगदी कोवळी पानं वाचतात, नुकती पूर्ण उघडलेली पानं सर्वांत जास्त मार खातात. पालक, मुळा, बीट, घेवडा, भोपळा ही लगेच बळी पडणारी पिकं. कांदा आणि मका बराच तग धरतात. म्हणून एकाच वाफ्यात पालक मेला आणि कांदा उभा, असं दिसू शकतं.

आता पुरावा. हे काम त्याच दिवशी करायचं, कारण चार दिवसांनी मेलेल्या पानावर दुसरीच बुरशी वाढते आणि मग कुणीही "रोग आहे" म्हणू शकतं. पानाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. बांधावरच्या तणांचे फोटो आवर्जून काढा, कारण तणावर कुणी औषध मारत नाही. आदल्या रात्री वारा कुठून होता, वास केव्हा आला, धुकं होतं का, ते वेळेसकट लिहून ठेवा. वाऱ्याच्या दिशेने पुढे जात जात इजा कमी होत गेली का, ते पाहा. रोग असा एका धुराड्यापासून पंख्यासारखा पसरत नाही. मग तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे पंचनाम्यासाठी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी अर्ज, पोच घेऊन. एकट्याने देऊ नका, आळीतल्या सगळ्यांच्या सह्या घ्या.

सावरी

तणाचं डोक्यातच नव्हतं आलं. घाणेरी आणि आघाड्यावर पण तसंच दिसलं होतं. पुढच्या वेळी सोडणार नाही.

वैनगंगा

चंद्रपूर. आमच्याकडे पाऊस यायच्या आधी राखच येते. कोबीच्या गड्ड्यात, वांग्याच्या पानावर थर. औष्णिक वीज केंद्रांना सल्फर काढायची यंत्रणा बसवायचा नियम २०१५ चा, मुदती वाढत वाढत गेल्या आणि २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्यातून सूट मिळाली. कारण सांगतात की आपल्या कोळशात गंधक कमी. मग आमच्यावर आम्ल पाऊस पडतो का नाही?

जांभा

आपल्या कोळशात गंधक अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, ही गोष्ट खरी. पण राख तीस-चाळीस टक्के! आणि जाळला जाणारा कोळसा इतका की अर्धा टक्काही थोडा राहत नाही. केंद्राच्या जवळ उडती राख बहुधा अल्कधर्मी असल्यामुळे पावसाची आम्लता थोडी मारली जाते. उंच धुराड्यातून निघालेला वायू मात्र दूर जातो, त्याचं सल्फेट व्हायला वेळ लागतो आणि तो पडतो शेकडो किलोमीटरवर, ज्या गावाने ते धुराडं पाहिलेलंही नाही अशा ठिकाणी. जवळच्यांना राख आणि वायू, लांबच्यांना आम्ल. माझ्या मते ती सूट द्यायला नको होती.

तुमच्या कोबीवरच्या थराचं नुकसान वेगळं: रंध्रं बुजतात, ऊन पोचत नाही, आणि गड्डा धुवूनही पदरांत कचकच राहते. तुषार सिंचन असेल तर पहाटे पानं धुऊन काढणं हा एकच तात्पुरता उपाय मला माहीत आहे.

मृगाचा किडा

मूळ मुद्द्यावर येऊ या का? आम्ही संगमेश्वरचे. तांबडी, जांभ्याची माती. सामू ५ ते ५.५. आमच्याकडे चुनखडीचं कवच नाही. तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आमचं काय?

जांभा

याच प्रश्नाची वाट पाहत होतो. आम्ल पावसाची काळजी करायची तर कोकणातल्या जांभ्या मातीने करायची.

इथली माती मुळात पावसानेच घडलेली. हजारो वर्षं पाणी वाहून कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश धुऊन नेलं, मागे उरलं लोह आणि ॲल्युमिनियम. सामू ५.५ च्या खाली जायला लागला की ॲल्युमिनियम विरघळायला लागतं. त्याचा पहिला घाव मुळाच्या टोकावर. मुळं आखूड, जाड, टोकाला बोथट, बारीक केसमुळं जवळजवळ नाहीत. वर पाहावं तर झाड नुसतं खुरटलेलं, आणि आपण समजतो खत कमी पडलं. वाल किंवा चवळी उपटून पाहा. मुळांवरच्या गाठी कमी आणि आतून फिक्या असतील, गुलाबी नसतील, तर त्यांतले हवेतलं नत्र धरणारे जिवाणू काम करत नाहीयेत. स्फुरद मातीतच बांधलं जातं. मोलिब्डेनम मिळत नाही, आणि त्याची खूण फुलकोबीवर इतकी स्पष्ट दिसते की चुकणं अवघड: पानाचा पसरट भागच तयार होत नाही, मधली शीर तेवढी चाबकासारखी उरते.

आता हिशेब करू. समजा कोकणात वर्षाला ३००० मिलिमीटर पाऊस पडला आणि सगळाच्या सगळा सामू ४.५ चा होता. (असं होत नाही, मुद्दाम वाईटात वाईट धरतोय.) एका एकरावर जेवढं आम्ल पडेल ते मारायला साधारण १९ किलो शुद्ध चुनखडी पुरते. गुंठ्याला जेमतेम अर्धा किलो.

आणि ४५ किलोची युरियाची एक गोणी? त्यातल्या नत्राचं मातीत नायट्रेट होताना जे आम्ल सुटतं, ते मारायला साधारण ३७ किलो चुनखडी लागते. अमोनियम सल्फेटची ५० किलोची गोणी तर पन्नास-पंचावन्न किलो मागते. म्हणजे आभाळ वर्षभर जेवढं आम्ल टाकेल, त्याच्या दुप्पट आपण एका सकाळी फोकून मोकळे होतो. सामू उतरतोय त्यात आभाळाचा हात आहे, नाही असं नाही. पण मोठा वाटा आपल्या गोणीचा आहे, आणि ती आपल्या हातात आहे.

सायन्सवाला बंड्या

हिशेब तपासला, जमतोय. पण एक राहिलं. पावसात अमोनियमही उतरतं. पाण्याचा सामू मोजताना ते आम्ल दिसत नाही, पण मातीत गेल्यावर त्याचंही नायट्रेट होतं आणि तेही आम्ल सोडतं. म्हणजे १९ हा आकडा कमी आहे.

जांभा

मुद्दा एकदम रास्त. धरा दुप्पट. तरी एका गोणीच्या आसपासच येतो, आणि भाजीवाला हंगामात एकरी एक गोणी टाकून थांबत नाही. तुमच्या मुद्द्यात अजून एक भर: सल्फेट आणि नायट्रेट खाली झिरपताना एकटी जात नाहीत, कॅल्शियम-मॅग्नेशियमला हाताला धरून नेतात. आधीच गरीब असलेल्या मातीला हे जास्त लागतं. म्हणूनच कोकणातल्या टोमॅटोच्या फळाच्या बुडाशी काळा डाग दिसला तर नुसतं पाण्याचं गणित बघून थांबू नका, कॅल्शियमही तपासा.

टेरेसवाली

माझी बाग चेंबूरला गच्चीवर. कुंड्या आणि ग्रो बॅग. मी पट्टी आणून पावसाचं पाणी तपासलं तर ७ च्या वर आलं. म्हणजे आमच्याकडची हवा चांगली आहे असं समजू का?

जांभा

पाणी कुठून घेतलंत? पत्र्यावरून किंवा सिमेंटच्या गच्चीवरून आलेलं असेल तर तो सामू सिमेंटचा. उघड्यावर, उंच स्टुलावर स्वच्छ प्लास्टिकचं पातेलं ठेवा, आधी ऊर्ध्वपातित पाण्याने विसळून. पाऊस सुरू झाल्यावर ठेवा म्हणजे आधीची धूळ त्यात बसणार नाही. लगेच मोजा. पावसाच्या पाण्यात क्षार इतके कमी असतात की कागदी पट्टी नीट रंगत नाही आणि स्वस्तातला मीटरही भरकटत राहतो, म्हणून एका आकड्यावर विसंबू नका.

आणि सरींमध्येही फरक असतो. सुरुवातीच्या पावसात हवेतली धूळ खाली येते, सामू चढा दिसतो. धूळ धुऊन गेल्यावर, हंगामाच्या पुढच्या भागात, तो उतरलेला सापडतो. मुसळधार सरीपेक्षा धुकं आणि बारीक भुरभुर जास्त आम्ल असते, कारण तेवढंच आम्ल कमी पाण्यात. पानावर ती बसूनही जास्त वेळ राहते.

कुंडीत माती थोडी, म्हणून सामू लवकर हलतो. पण मुंबईकरांनी पावसापेक्षा ओझोनकडे (गाड्या-कारखान्यांच्या धुरावर ऊन पडून जमिनीलगत तयार होणारा वायू) लक्ष द्यावं असं मला वाटतं. अमेरिकेने १९८० पासून दहा वर्षं आम्ल पावसाचा राष्ट्रीय अभ्यास केला. प्रत्यक्षात पडतो तेवढ्या आम्ल पावसाने पिकांचं उत्पन्न घटत नाही, ओझोनने मात्र घटतं, असा त्याचा निष्कर्ष होता. पाऊस गेल्यावर, लख्ख उन्हाच्या दिवसांत घेवडा, पालक, बटाट्याच्या पानाच्या फक्त वरच्या बाजूला सुईने टोचल्यासारखे बारीक ठिपके आले, तर तो ओझोन असू शकतो.

ओरेगॉनकर

धागा वाचून राहवलं नाही. जांभा यांनी सांगितलेला प्रयोग आमच्याच राज्यातला, ओरेगॉनमधल्या कोर्व्हॅलिस गावचा. आमच्याकडेही धो धो पावसाने माती आम्ल होते आणि परसात भाजी लावणारे लोक शरदात चुना टाकतात, अगदी नेमाने. आई रत्नागिरीकडची. ती आळ्यात चुलीची राख टाकायची ते इथे आल्यावर कळलं की का.

मृगाचा किडा

राखेचं आमच्याकडे अजून चालतं. पण गॅस आल्यापासून राखच नाही. जांभादादा, चुना किती टाकायचा ते सांगा ना. समुद्राकडे शिंपल्यांचा चुना मिळतो, तो चालेल?

जांभा

शिंपल्यांचा चालतो, पण भाजलेला चुना आणि दळलेली चुनखडी यांत फरक आहे. भाजलेला तिखट असतो, कमी लागतो आणि लागवडीच्या तोंडावर टाकला तर रोपं भाजतात. नवख्याने दळलेली चुनखडी किंवा डोलोमाइट घ्यावं. डोलोमाइटमधून मॅग्नेशियमही मिळतं, जे जांभ्या मातीत कमीच असतं.

किती, हे मी इथे सांगणार नाही, आणि कुणी ठोक आकडा सांगितला तर ऐकू नका. दोन शेजारच्या वाफ्यांचा सामू सारखा असूनही चुन्याची गरज दुप्पट-तिप्पट वेगळी निघते, चिकणमाती आणि सेंद्रिय कर्ब यांवर ते ठरतं. माती तपासताना "सामू" एवढंच न मागता "चुन्याची गरज" हे स्वतंत्र तपासून मागा. टाकल्यावर मातीत नीट मिसळा, निदान तीन आठवडे जाऊ द्या. युरिया, अमोनियम सल्फेट किंवा ताजं शेण त्याच वेळी टाकू नका, नत्र अमोनिया होऊन उडून जातं. आणि राख: चांगलीच आहे, पोटॅशही देते, फक्त लाकडाची हवी. प्लास्टिक, थर्माकोल जाळलेली राख भाजीत नको.

पडवळ

दादा, सकाळी पान उलटून बघितलं. जांभळट लव आहे! काकींनाही दाखवली. आता काय करू? आणि मुळा उपटला तर खाली वाकडा, बोटाएवढाच. तो पण केवडाच का?

जांभा

केवड्याची पानं तोडून मांडवापासून लांब पुरून टाका, कंपोस्टमध्ये नको. मांडवावरची गर्दी विरळ करा म्हणजे वारा खेळेल, खालची जुनी पानं काढा, वरून पाणी मारू नका. नवीन पानांवर रोग चढतच राहिला तर सहाय्यक कृषी अधिकाऱ्यांना पान दाखवून दोडक्यावर शिफारस असलेलंच औषध घ्या, पावसाची उघडीप बघून, आणि फवारल्यावर किती दिवस तोडायचं नाही ते लेबलवर वाचून.

मुळ्याचं वेगळं. झड लागलेली असताना वाफ्यात पाणी साचलं किंवा खाली कडक थर असला तरी मुळा वाकडा होतो, त्यामुळे आधी वाफा उंच करा. पण तुमची माती तांबडी असेल तर ती तपासायला द्याच. वाफ्यात पाच-सहा ठिकाणी वीतभर खोल खणून, कडेची माती खरवडून घ्या, एकत्र करा, सावलीत वाळवा आणि त्यातली अर्धा किलो कापडी पिशवीत भरा. ताजं खत पडलेली जागा आणि चुलीची राख टाकलेली जागा टाळा.